डाव्या वेढ्याची माशी

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी पूजा आटोपून उठत होतो तेव्हा आई म्हणाली, "गिरधर, चैतमा बारा वरीस पुरा व्हतीन. आते तेले मोकळा कर."

मी घंटी पुसत राहिलो. वहिनी ओट्याशी भाकरी थापत होती. तिचा हात एक क्षणही थांबला नाही, पण ती भाकरी तव्यावर गेली तेव्हा एका कडेला फाटलेली होती.

मोतीलालदादा, माझा थोरला भाऊ, मे दोन हजार तेराच्या सुरुवातीला घरातून गेला. संध्याकाळपर्यंत येतो म्हणाला होता. चौथ्या दिवशी त्याची मासे धरायची दांडी चांगदेवला संगमाजवळ एका बाभळीला टेकून ठेवलेली सापडली. चपला नव्हत्या. नदीत पुष्कळ शोधलं, काही मिळालं नाही. एकाने सांगितलं, चाळीसगाव स्टेशनवर बघितला. दुसऱ्याने सांगितलं, प्रकाशा गावी. मग कुणी काही सांगायचं बंद झालं.

हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट पाहायची, मग पळसाच्या देठांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत आहे. दादाला मुलगा नाही, म्हणून अग्नी मी द्यायचा. मे महिन्यात मयुरीचं, म्हणजे दादाच्या मुलीचं, लग्न आहे. आईचं म्हणणं, बापाचा जीव टांगलेला ठेवून मुलीला मंडपात उभी करू नये. तिचं चुकतं असं मला म्हणता येत नाही. पण विधी झाला की वहिनीचं कुंकू जाईल, लेकीचं लग्न तोंडावर आलेलं असताना.

हे कुणाशी बोलता येत नाही म्हणून दुकानात पडलेल्या या डायरीत लिहितो आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

पिंप्राळ्याचं दुकान, पंपाच्या जळलेल्या मोटारी नव्याने तार भरून द्यायचं, आज बंद. जुनी पेटी काढली. तळाशी दादाची शाळेतली वही होती आणि पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला ती यादी.

आमचे वडील पांझरेकाठच्या विश्रामगृहावर चौकीदार होते. तिथे एक पारशी इंजिनिअर साहेब यायचे. गांडूळ न लावता, पिसाची खोटी माशी करून, लांब दोरी हवेत फिरवून ती पाण्यावर अलगद टेकवायची आणि मासा धरून परत सोडून द्यायचा, हा त्यांचा छंद. वडिलांना तो येडपटपणा वाटे. आम्हा दोघा भावांना वाटे की हा माणूस पाण्यावर अक्षर काढतो आहे. जाताना त्यांनी आपली बांबूची दांडी दादाला दिली. त्या वर्षी दादा चौदाचा, मी अकराचा.

यादीचं नाव 'कधीतरी जायच्या जागा'. चांगदेवचा संगम. मन्याड धरणाची भिंत. अनेरचा डोह. प्रकाशा. मग साहेबांच्या तोंडून ऐकलेली काश्मीरची एक नदी, तिचं नाव तीनदा खोडून तीन प्रकारे लिहिलेलं. दुकान सुरू झालं, मोटारी जळत राहिल्या, आणि आम्हा दोघांचं मिळून एकाही जागी जाणं झालं नाही. शेवटच्या भांडणात मी त्याला म्हणालो होतो, "तुझ्यावाचून इथे काही अडत नाही. जा, कुठे जायचं तिथे जा." त्यानंतर तिसऱ्या दिवशी तो गेला.

मी ठरवलं आहे, विधीच्या आधी यादीतल्या जवळच्या जागा मी फिरून येईन. त्याच्या नावाने दोरी टाकेन. अग्नी देणाऱ्याने मेलेल्याची एवढी तरी इच्छा पुरी करावी. बायकोला सांगितलं तर दिपमाला म्हणाली, "गळ्यात माळ आणि हातात गळ. पांडुरंगाने कुठे बघायचं?" मी म्हटलं, मासा सोडूनच देतो. ती म्हणाली, "तोंड फोडून सोडता. मोठेच उपकार."

बारा वर्षांत माझ्या दांडीला, गळाला हात लावला नव्हता. तिचं बोलणं मनात राहिलं आहे.

मयुरी धुळ्याच्या देवपूरहून आली होती. तिकडे खोली घेऊन शिकते. शेवटचं वर्ष. लहानपणी दादा माश्या करायचा, दोरी फिरवायचा तेव्हा ही त्याला चिकटूनच असायची. यादी बराच वेळ बघत बसली, मोबाइलमध्ये फोटोही काढला. मग म्हणाली, "काका, विधी झाला की आई माझ्या हळदीला नसणार ना?"

मी म्हटलं, "असेल की. मागे बसेल."

तिने वही मिटून पेटीत ठेवली. मग विचारलं, "पहिल्यांदा कुठे जाणार तुम्ही?"

म्हटलं, यादीत आहे त्याच क्रमाने. शिवरात्रीची गर्दी ओसरली की चांगदेव.

२ मार्च, रविवार

घरी आल्या आल्या लिहून ठेवतो.

चांगदेवच्या देवळात दर्शन घेऊन संगमाच्या वरच्या अंगाला गेलो. अकराचं ऊन. यात्रेची पानं, कागद काठाला लागलेले. माणूस नाही. दोरी फिरवायला हात विसरला होता. चार वेळा ती माझ्याच टोपीत अडकली. पाचव्यांदा नीट गेली. तासाभराने एक मरळ लागली, हातभर लांब. ओल्या हाताने धरून गळ काढायला गेलो तर तिच्या ओठात दुसऱ्या बाजूला आधीच एक माशी होती.

कोंबडीचं तांबडं पीस, आणि गाभ्याला तांब्याची तार वेढलेली.

तार वेढून माश्या करणारं या मुलखात एकच घर आहे. मोटार भरायची इनॅमलची तार, अठ्ठावीस नंबरची, दुकानातला तुकडा. साहेब रेशीम वापरायचे, आमच्याकडे रेशीम कुठलं. ही दादाची युक्ती.

मी ती माशी काढून घेतली आणि मरळ सोडली. ती लगेच गेली नाही. हाताजवळ थोडा वेळ तशीच उभी होती, जणू काही विसरली आहे.

४ मार्च, मंगळवार

दुकानात भिंगाखाली बघितली. वेढे डावीकडून आहेत. मी उजव्या हाताचा. माझी तार घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जाते. दादा डावखुरा, त्याची उलटी. म्हणून त्याने भरलेली कॉइल मला डोळे मिटून ओळखता यायची.

आणि गळ चकचकीत आहे. बारा वर्षं पाण्यात राहिलेला गळ उरतही नाही. हा आठवड्याभरापूर्वीचा असेल.

याचा अर्थ काय? जिवंत आहे? जिवंत असेल तर साठ किलोमीटरवर येऊन नदीवर बसतो आणि आईला तोंड दाखवत नाही, असा माझा भाऊ नव्हता. जिवंत नसेल, तर मी लिहीत नाही पुढचं. आज दोनदा हरिपाठ म्हटला आणि दोन्ही वेळा मधलाच अभंग सुटला.

९ मार्च, रविवार

चाळीसगावहून व्याही आले. प्रेमराजभाऊ, त्यांच्या सुमनबाई आणि नवरदेव भूपेंद्र. पत्रिकेचा मजकूर ठरवायचा होता. सगळं ठरलं आणि मुलीच्या वडिलांच्या नावापाशी गाडी अडली.

प्रेमराजभाऊ मोकळा माणूस. म्हणाले, "गिरधरभाऊ, श्री. लिहा की कै. लिहा, आमचं काही म्हणणं नाही. पण छापखानेवाला काही दोन्ही छापायचा नाही."

हसलो सगळे. सुमनबाई मात्र हसल्या नाहीत. आवाज खाली आणून म्हणाल्या, "विधी लग्नाआधी असला तर विहीणबाईंना हळदीला, ओटी भरायला पुढे येता येणार नाही. मला काही नाही हो. पण आमच्याकडे म्हातारी माणसं आहेत. तिथल्या तिथे बोलतील. त्यापेक्षा आधीच माहीत असलेलं बरं."

तेवढ्यात मयुरी पोह्यांच्या बश्या घेऊन आली. भूपेंद्रला बशी दिली तसा तो म्हणाला, "परत डाव्या हाताने. आमची आत्या आतापासून उजळणी करून घेणार आहे."

"आत्यांना सांगा, उजव्या हाताने दिले तर अंगावर सांडतील," मयुरी म्हणाली.

आई कोपऱ्यातून तिच्या डाव्या हाताकडे बघत पुटपुटली, "बठ्ठा बाप उतरेल शे." आणि डोळ्याला पदर लावला.

पोरगी उन्हाने काळवंडली आहे. मनगटापासून कोपरापर्यंत हात भाजल्यासारखे. दिपमालाने विचारलं तर म्हणाली, धुळ्याला स्कूटीवर फिरावं लागतं. लग्न तोंडावर आलं, जपायला हवं. जाताना दुकानात येऊन तारेचा एक तुकडा मागून गेली, कॉलेजात काही करायला. आणि विचारलं, "काका, पुढच्या रविवारी मन्याडच ना?"

तिलाच काय ती माझ्या फिरण्याची आस्था आहे.

१६ मार्च, रविवार

मन्याड. धरणाची भिंत तापून पांढरी झाली होती. मासा एकही लागला नाही, आणि नाही लागला ते बरं झालं.

काठावर जाळं विणत एक जण बसला होता. नाव अभिमन. माझी दांडी बघून हसला. म्हणाला, "भाऊ, हाई काय लायेल शे तुम्ही लोके? परवादिनबी एक जण असाच दोरी फिराई राहिंथा."

मी विचारलं, कोण होता?

"मी काय जानू? तथा, समोरला काठले." त्याने हनुवटीने दाखवलं. "दुपारनी येळ. पानी इतलं चमके का तोंडच दिसनं नही. टोपी व्हती. आंग बारीक. डावा हातवरी फिराये."

"बोलला काही?"

"मी हाक मारी. बोलना नही. येक मासा धरा, तेना तोंडशी काही करं, आन सोडी दिना." अभिमन जाळ्यावर थुंकला. "इतला मोठा मासा सोडी देस ते मानूस नही, भाऊ."

दादाचं अंग बारीक होतं. समोरच्या काठाला वळसा घालून गेलो. ओल्या गाळात पावलं असतील असं वाटलं होतं. होती. पण माझ्या पावलापेक्षा लहान होती. वाळताना गाळ आक्रसतो, तसं झालं असेल.

तिथे बसून दोरी टाकायचा धीर झाला नाही. भर दुपारी, एवढ्या उजेडात, मला पाठ पाण्याकडे करवेना.

१८ मार्च, मंगळवार

दुकानाच्या माळ्यावर चढलो. दादाची बांबूची दांडी तिथेच ठेवलेली आहे, चांगदेवहून आणली त्या दिवसापासून खोळीत बांधून. मी कधी सोडली नाही. आज नाडी सोडली.

दांडीची मूठ ओली होती.

पूर्ण ओली नाही, दमट. नाकाशी धरली. नदीचा वास. शेवाळाचा. पत्र्याखाली उकाडा इतका की वार्निशचा डबा फुगतो, तिथे ओल येणार कुठून? पत्र्याला भोक आहे का पाहिलं. नाही.

खोळ परत बांधली. खाली उतरताना लक्षात आलं की माळ्याच्या शिडीवरची धूळ पुसलेली आहे. दुकानाच्या किल्ल्या दोनच, एक माझ्याकडे, एक घरी खिळ्याला.

दादा दुकानात येत असेल तर माझ्यावर रागावून येत नसावा, असं मनाला समजावतो आहे. दोन जळलेल्या मोटारी आज भरायच्या होत्या. एकीचे वेढे चुकले, सगळी तार परत काढावी लागली. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं.

३० मार्च, रविवार. पाडवा

गुढी उभारून आईला घेऊन गुरुजींकडे गेलो. गुरुजी पंचाहत्तरीचे, एका कानाने कमी ऐकतात, पण डोकं स्वच्छ. चैत्री अमावस्या ठरली, सत्तावीस एप्रिल. जागा जिथे दांडी सापडली तीच.

त्यांनी सगळं समजावून सांगितलं. तीनशे साठ देठांचा पुतळा. डोक्याच्या जागी नारळ. जवाच्या पिठाचा लेप. मग म्हणाले, "गिरधर, एक लक्षात घे. हे एकदा झालं की झालं. उद्या तो दारात येऊन उभा राहिला तर त्याला उंबरा ओलांडता येणार नाही. पुन्हा जन्माला घालावा लागतो. बारसं, मुंज, स्वतःच्याच बायकोशी पुन्हा लग्न. म्हणून अग्नी देणाऱ्याने पाण्यात उभं राहून सांगायचं असतं की बारा वर्षांत जिवंतपणाची खूण आली नाही. आणि मी माझ्या वडिलांसारखं करतो. पेटवण्याआधी त्याच्या नावाने तीन हाका मारायला लावतो. सांगशील ना?"

आई म्हणाली, "सांगीन तो."

मी मान हलवली. खिशात ती माशी होती, कागदात गुंडाळलेली. मी आयुष्यात देवासमोर खोटं बोललेलो नाही. आणि खरं काय ते मला माहीत नाही.

६ एप्रिल, रविवार. रामनवमी

अनेरचा डोह. धरणाच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. इथे खडक पाण्यात उतरतात आणि पाणी काळं दिसतं. उपास होता. मोटारसायकल एका शेतात लावून दोन किलोमीटर चाललो.

दुसऱ्याच फेकीला मासा लागला आणि त्याने दांडी अशी वाकवली की मी गुडघ्यावर आलो. महाशीर. असा मासा मी फक्त साहेबांच्या बोलण्यात ऐकला होता. अर्ध्या तासाने तो थकून काठाशी आला. खवले तांब्याच्या नाण्याएवढे. म्हातारा असावा. एक डोळा पांढरा पडलेला.

त्याच्या ओठात एक माशी होती. डावे वेढे, गळ चकचकीत, पीस अजून ताजं. आता मला तिची भीतीही वाटली नाही. ती असणार हे मला माहीत होतं.

पण तिच्या शेजारी, ओठाच्या कडेच्या मांसात, आणखी काही होतं. गळ गंजून गेलेला, पीस नाही, काही नाही. फक्त तांब्याच्या तारेचे वेढे राहिले होते आणि त्यांच्यावर कातडी चढली होती, झाडाच्या खोडात खिळा जिरतो तशी. मी नखाने मोजले. साडेसात. दादा साडेसातच देत असे. डावे.

इथे तो कधी आला होता? आम्ही दोघं तर कधीच आलो नाही. घरातून गेल्यावर आला असेल. की आधीच, मला न सांगता, एकटा येऊन गेला होता, आणि यादीत या जागेपुढे खूण करायचीही त्याला लाज वाटली होती?

ताजी माशी काढून घेतली. जुनी तिथेच राहू दिली. ती काढायची म्हणजे मांस कापावं लागलं असतं. मासा सोडताना मी त्याला नमस्कार केला. कुणी पाहिलं असतं तर हसलं असतं.

७ एप्रिल, सोमवार

वहिनीला सांगितलं. दुसऱ्या कुणाला सांगणार? ती अंगणात वड्या वाळत घालत होती. दोन्ही माश्या तिच्यासमोर ठेवल्या आणि चांगदेव, मन्याड, माळा, अनेर, सगळं सांगितलं.

मला वाटलं होतं ती रडेल. तिने माश्या हातात घेतल्या, उलटसुलट करून पाहिल्या. एकीचं पीस बोटाने नीट केलं. आमच्याकडे तांबडी कोंबडी नाही, पण शेजारच्या बेबाबाईकडे आहे, तिच्या खुराड्याकडे वहिनी उगाच एकदा बघून आली. मग म्हणाली, "सुबक आहे. पण गाठ कच्ची मारली आहे. ते पक्की मारायचे."

"म्हणजे वहिनी, तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचं. बारा वर्षं झाली भाऊजी, मला रोज काहीतरी वाटतं." मग जुन्या वेढ्यांबद्दल पुन्हा विचारलं, किती होते, कसे होते. ते ऐकताना तिचा चेहरा बदलला. खाली बसली. माश्या माझ्या हातात परत देऊन म्हणाली, "आईंना सांगू नका. गुरुजींना मात्र सांगा."

"आणि मयुरीला?"

"तिला तर मुळीच नको," वहिनी म्हणाली, आणि का ते मला कळेना, पण ती हसली.

२० एप्रिल, रविवार

प्रकाशाला गेलो नाही. ऊन त्रेचाळीसच्या वर. खरं कारण ते नाही. मला तिथे काय मिळणार ते माहीत आहे आणि तिसरी माशी ठेवायला माझ्याकडे मन उरलेलं नाही.

आई दिवसेंदिवस खंगते आहे. काल म्हणाली, "माले सपनमा येस. पानीमा उभा ऱ्हास. गुडघालोंग पानी. बाहेर ये म्हनं तं येत नही, तू हाक मार म्हनस." तिला विचारलं, कसा दिसतो? म्हणाली, "धाकला. साळामा जाये तव्हाना."

विधी नाही केला तर आई अशीच जाईल. केला तर वहिनी लेकीच्या लग्नात भिंतीला लागून बसेल. आणि दोन्हीत दादा कुठे आहे ते मला ठाऊक नाही. कधी वाटतं, मला हा विधी हवा आहे, कारण तो झाला की 'कुठे जायचं तिथे जा' हे माझं वाक्यही जळेल. हे लिहिलं, पण वाचवत नाही.

२७ एप्रिल, रविवार. अमावस्या

सकाळी सहाला निघालो. मी, गुरुजी, आणि वहिनी. बायका येत नाहीत, पण ती म्हणाली, "माझं काय जाणार आहे ते मला समोर बघू द्या." गुरुजींनी तिला शंभर पावलांवर निंबाखाली बसायला सांगितलं. आई घरी. मयुरीचं आज धुळ्याला प्रॅक्टिकल होतं, ती काल संध्याकाळीच गेली.

पुतळा बांधता बांधता साडेअकरा झाले. पांढऱ्या कापडावर तो निजवला तेव्हा मला बघवेना. सुताने बांधलेले हात, पाय. नारळ. दादाच्या उंचीचा केला होता.

पाण्यात उतरलो. गुडघाभर. गुरुजी म्हणाले, "सांग."

मी सांगितलं नाही. खिशातून दोन्ही माश्या काढून त्यांच्या हातात दिल्या आणि सगळं बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, दोनदा परत विचारलं. मग म्हणाले, "माशाच्या तोंडातली वस्तू ही बातमी होत नाही, गिरधर. आणि ती नाहीच असंही मी म्हणणार नाही. तू हाका मार. तीन. ओ आली नाही तर तुझं तोंड खोटं होत नाही."

तिथे पात्र अरुंद आहे, पण ऊन असं होतं की पाणी कुठे संपतं आणि पलीकडचा काठ कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. सगळं एकच पांढरं.

"मोतीलालदादा," मी हाक मारली. लांब कुठेतरी पंप चालू होता, तेवढाच आवाज.

दुसरी हाक मारली. टिटवी उठली आणि ओरडत गेली. पंप बंद झाला.

तिसऱ्यांदा मी नुसतं "दादा" म्हणालो. लहानपणी म्हणायचो तसं. का ते सांगता येणार नाही.

समोर कुणीतरी उभं होतं. आधी नव्हतं, किंवा मला दिसलं नव्हतं. टोपी. बारीक अंग. डावा हात वर गेला, दोरी हवेत लांब उलगडली, आणि तिचं टोक पाण्यावर टेकलं, ते मी पाहिलं. वर्तुळं माझ्या बाजूला आली. आणि आवाज आला.

"ओ."

मी जे ऐकलं तेच लिहितो आहे. तो आवाज बावन्न वर्षांच्या माणसाचा नव्हता. आमची दुकानातली भांडणं ज्या आवाजात झाली तोही नव्हता. चौदा वर्षांचा असताना दादाचा आवाज असा होता, फुटायच्या आधीचा. बारीक, थोडा कापरा. यादी लिहिली तेव्हाचा.

पाणी माझ्या पायाशी एकदम गार लागलं.

गुरुजींनी विचारलं, "काय झालं? तुझा चेहरा असा का?"

"ओ दिली," मी म्हणालो.

"मला ऐकू आलं नाही. पण माझं काय. दुसऱ्या कुणी ऐकलं?"

वहिनी निंबाखालून उठून आली होती. मी तिला येताना पाहिलं नव्हतं. म्हणाली, "मी ऐकलं."

"काय ऐकलं बाई?"

"त्यांचा आवाज."

"नक्की?"

"बारा वर्षं संसार केला, गुरुजी."

गुरुजी तिच्या कपाळाकडे बराच वेळ बघत राहिले. मग वाकून पुतळ्याचं सूत सोडायला लागले. देठ सुटे करून त्यांनी पाण्यात सोडले, नारळ माझ्या हातात दिला. म्हणाले, "हा विधी आता माझ्या हातून होणार नाही. जिवंत माणसाला मी जाळत नाही."

मी परत समोर पाहिलं तेव्हा तिथे कुणी नव्हतं. पलीकडच्या बांधावरून धुळीची एक रेघ पळत गेली. वावटळ असावी. पुलावरून पलीकडे जायला वीस मिनिटं लागतात. मी गेलो नाही. जाऊ शकलो असतो.

घरी येऊन आईच्या पायाशी बसलो आणि सांगितलं, ओ आली. कसला आवाज होता ते सांगितलं नाही. तिने विचारलं, "तुन्ही हाकले ओ दिनी ना?" म्हटलं, दिली. ती भिंतीकडे तोंड करून झोपली आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही. उठल्यावर दूध मागितलं.

मयुरी दिवेलागणीला आली. प्रॅक्टिकल चांगलं गेलं म्हणाली. घसा पार बसला होता, शब्द फुटत नव्हता. उन्हाचा. तिला सगळं सांगितलं तेव्हा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. तिच्या केसांना नदीचा वास येत होता, की माझ्याच अंगाला, कळलं नाही.

२८ एप्रिल, सोमवार

छापखान्यात मजकूर देऊन आलो. 'श्री. मोतीलाल' असंच लिहिलं. निमंत्रकांत आईचं नाव, माझं नाव. वहिनीचं 'सौ.' लागलं. छापणाऱ्याने काही विचारलं नाही.

दुपारी डबा घेऊन आज वहिनी आली. नेहमी दिपमाला आणते. मी हात धुतले तरी ती उभीच. उघड्या मोटारीच्या आर्मेचरवर, तारेच्या वेढ्यांवर बोट फिरवत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "भाऊजी, आवाज कसा होता हो त्यांचा?"

मी म्हटलं, "तसाच. आधी होता तसाच."

ती म्हणाली, "बरं." डबा उघडून ठेवला आणि गेली.

तिनेही ऐकलाच होता. मग मला का विचारलं ते कळलं नाही. बारा वर्षांनी एकदाच ऐकून मन भरत नसेल.